व्याह्यांची दौड आणि अण्णांची भैरवी

ओवी घाडीगावकर आणि शंतनु गुप्ते यांच्या पत्रिका जुळल्या, स्वभाव जुळले, दोन्ही घरं मासे खाणारी असल्याने जेवणावळीचाही प्रश्न मिटला. लग्न मोडायची वेळ आली ती दोघांच्या बापांच्या धावण्यापायी. साठीला टेकलेल्या दोन गृहस्थांचं धावल्यावाचून काय अडलं होतं, असं कुणीही विचारेल. लालबागच्या वसंतराव घाडीगावकरांना डॉक्टरांनी धावायला सांगितलं होतं. शिवाजी पार्कच्या अजितराव गुप्त्यांना कुणी काही सांगायची सोयच नव्हती. सांगायचं काम ते स्वतः करत.

पहिल्या भेटीत सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. गुप्त्यांच्या घरी पोहे झाले, चहा झाला, आणि आता बोलायचं काय म्हणून मंडळी पंख्याकडे बघायला लागली. तेवढ्यात दारातल्या चपलांमध्ये वसंतरावांना धावायचे बूट दिसले.

"हे बूट कुणाचे? तुम्ही धावता?"

"म्हणजे काय! तुम्हीसुद्धा?"

दोघे व्याही असे काही खुलले, की नवऱ्या मुलीकडे नि नवऱ्या मुलाकडे कुणी बघेना. "चला, दोघांना विषय मिळाला," अजितरावांच्या पत्नी ललिताबाई समाधानाने म्हणाल्या. हाच विषय पुढे सगळ्यांच्या मुळावर येणार आहे, हे त्या माउलीला काय ठाऊक!

रविवारी सकाळी दोघे शिवाजी पार्कात भेटले. वसंतरावांनी खिशातून इअरफोन काढले आणि कानात कोंबले. देवळात कुणी चपला घालून शिरलेलं बघावं, तसा अजितरावांचा चेहरा झाला.

"हे काय?"

"भजन. आमच्या अण्णा बुवांचं. त्याच्याशिवाय पाय उचलत नाय माझा."

अण्णा बुवा म्हणजे सातेरी प्रासादिक भजन मंडळाचे बुवा. लालबाग-परळात त्यांना ओळखत नाही असा मालवणी माणूस शोधून सापडायचा नाही. वसंतराव चड्डीत होते तेव्हापासून त्यांच्या मंडळात झांज वाजवत आलेले. फोनमध्ये त्यांनी अण्णांचे नुसते गजर भरून ठेवले होते, म्हणजे भजनातला तो शेवटाकडचा, चढत चढत जाणारा, म्हाताऱ्यालाही घुमायला लावणारा भाग. गजर लागला की वसंतराव सुसाट सुटत आणि पार्काला पुरती एक फेरी व्हायच्या आत कट्ट्यावर बसून हाशहुश करत. तरी त्यांचा गजरावरचा विश्वास काही ढळत नसे.

"वसंतराव, धावताना शरीराचं ऐकायचं असतं," अजितरावांनी सुरुवात केली. "श्वास, नाडी, स्वतःच्या पावलांचा आवाज. कानात गाणं घातलंत, की शरीराशी बोलणंच खुंटलं."

"माझं शरीर धावताना मला शिव्या घालतं हो. त्या ऐकून काय करू?"

एवढं बोलून वसंतरावांनी गजर लावला. अजितराव शेजारून धावत धावत बोलतच राहिले. व्याह्यांचा मान म्हणून वसंतराव अधूनमधून मान डोलवत होते. विमा कंपनीत साहेबापुढे उभी हयात काढलेल्या माणसाला न ऐकता मान डोलवायला कुणी शिकवावं लागत नाही. एकदा अजितरावांनी थांबून काहीतरी विचारलं. अण्णा तेव्हा ऐन रंगात आले होते. वसंतरावांनी हसून अंगठा वर केला. अजितरावांनी त्यांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. काय दिलदार माणूस आहे, असं वसंतरावांना वाटलं.

त्या अंगठ्याचा अर्थ आठवड्याने कळला. ओवी ऑफिसातून आली ती फणफणतच.

"बाबा, लग्नात अण्णांचं भजन नको म्हणालात तुम्ही?"

"मी? शुद्धीवर आहेस ना?"

"शंतनुचे बाबा सांगतायत. लग्न शांततेत करायचं ठरलं म्हणे. बँजो नाही, ढोल नाही, भजन नाही. नुसतं मंद संतूर, तेही रेकॉर्डवर. वसंतरावांनी स्वतः अंगठा वर करून होकार दिला, म्हणाले."

ओवीच्या बारशाला अण्णांनी पाळण्याच्या दोरीवर हात ठेवून सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "हिच्या लग्नात भजन माझा." ते शब्द अण्णा विसरले नव्हते. लग्न ठरल्याचं कळल्यापासून त्यांनी पेटीचे सूर दुरुस्त करून आणले होते, पखवाजवाल्याला गावाहून बोलावून घेतलं होतं आणि रोज संध्याकाळी खोलीत बसून ते गळा साफ करत होते. ऐंशी उलटलेला तो गळा आता वरच्या पट्टीत चिरकायचा. "ह्या वर्साचा गाणा ह्या वर्सा," ते म्हणायचे, "फुडल्या वर्साचा देव जाणे." त्या माणसाला जाऊन काय सांगणार? की लग्नात तुमच्याऐवजी संतूर आहे? वसंतरावांना नुसत्या कल्पनेनेच रडू यायचं बाकी राहिलं.

त्यांनी व्याह्यांना फोन लावला. "अजितराव, त्या दिवशी तुम्ही काय विचारलंत ते मला ऐकूच आलं नव्हतं हो. कानात भजन होतं."

पलीकडून अजितरावांचा आवाज आला, आणि त्यात काय तो आनंद! "बघा! बघा वसंतराव! मी काय सांगत होतो?"

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? तरी वसंतराव भांडले. भजन हे वसंतरावांचं म्हणणं, शांतता हे अजितरावांचं, आणि दोघांच्या मध्ये इअरफोन. बोलता बोलता अजितरावांनी तोडगा काढला. परळचं एक क्रीडा मंडळ दहा किलोमीटरची दौड घेत होतं. गिरगाव चौपाटीवरून सुटायचं, लालबाग-परळवरून दादरपर्यंत जायचं आणि परत फिरून लालबागला संपवायचं. दोघांनीही नावं दिलेलीच होती.

"दोघांपैकी कोण कशाने धावतो, ते तिथेच दिसेल," अजितराव म्हणाले. "जो आधी पोचेल त्याचं बाकी सगळ्यांनी ऐकायचं. पण कान मोकळे. इअरफोन घातलेत की बाद."

"मंजूर," वसंतराव म्हणाले, कारण रागात माणूस दुसरं काही म्हणत नाही.

"अहो, पण लग्न आमचं आहे!" ओवी आणि शंतनु दोघंही ओरडले. कानात काही नसूनही ते दोघा बापांपैकी एकालाही ऐकू आलं नाही. "मग मीही येते," ललिताबाई म्हणाल्या, "चालत." त्या रोज सकाळी शेजारच्या अनुजाबाईंबरोबर पार्कात फेऱ्या मारत. त्या ना गाणं ऐकत ना श्वास. त्या बोलत सुटत, आणि बोलण्याच्या वेगाने पाय चालत. त्यांच्याकडेही कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वसंतराव मोकळ्या कानांनी धावून बघायला लागले. शरीराने शिव्या घालायला सुरुवात केली. गुडघा काय म्हणाला ते इथे सांगण्यासारखं नाही. चार दिवस हाल सोसून ते अण्णांच्या खोलीवर गेले आणि खुर्चीत कोसळले. लग्नाचं आणि पैजेचं त्यांनी अवाक्षर काढलं नाही. व्याह्यांशी शर्यत आहे आणि इअरफोनला बंदी आहे, एवढंच रडगाणं गायलं.

अण्णांनी पानाला चुना लावता लावता ऐकून घेतलं. "कानात घालूक बंदी हा ना? मगे रस्त्यार गावक बंदी हा काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे आमी रस्त्यार उभे रवतंव. चार नाक्यांर चार जागी. मंडळात माणसां काय कमी आसत?"

वसंतरावांनी उठून अण्णांचे पायच धरले. मग धावणाऱ्याची अक्कल चालवून म्हणाले, "अण्णा, फक्त एक करा. चारही ठिकाणी गजरच घ्यायला सांगा. पहिल्यापासून!"

अण्णांचा पानाचा हात थांबला. "सुरवातीक गजर? मेल्या, देव अजून पाटार बसूक नाय, आणि तू तेका नाचूक सांगतंस? आधी नमन. मगे देवाच्या रूपाचो अभंग, सावकाश. मगे दुसरो अभंग, मगे गौळण, आणि मगे गजर. शेवटाक भैरवी. भजनाचो क्रम मोडूचो तर दुसरो बुवा बघ."

वसंतरावांनी मुकाट्याने मान डोलवली, या वेळी ऐकून. अण्णांच्या मंडळात शिस्त म्हणजे शिस्त. त्यातही भैरवीचा दंडक सगळ्यात कडक. भैरवी लागली की माणसाने असेल तिथे उभं राहून हात जोडायचे, आणि शेवटचा जयघोष होईपर्यंत जागचं हलायचं नाही. एकदा ऐन भैरवीत एक जण चहाचा कप ठेवायला उठला, तर अण्णांनी त्याला अख्खा श्रावण झांजेला हात लावू दिला नव्हता. म्हणून ठरलं असं, की परळला गजर आटोपेल, वसंतराव शर्यत संपवतील, आणि मग लालबागला शेवटच्या रेषेपलीकडे उभे राहून अण्णा स्वतः भैरवी म्हणतील. विजयाची भैरवी! वसंतराव खूष होऊन घरी गेले. बायको अंबिका म्हणाली, "तुमचा वेग माहित्येय मला. अण्णांना बसायला स्टूल द्या एखादं."

दौडीच्या सकाळी चौपाटीवर ही गर्दी! मोदकाचा पोशाख घातलेला एक इसमही त्यात होता, पाय तेवढे बाहेर. शिट्टी वाजली आणि जमाव सुटला. वसंतराव नेहमीच्या सवयीने उसळणार, एवढ्यात ऑपेरा हाऊसच्या नाक्यावरून नमनाचे सूर आले आणि पाठोपाठ रूपाचा अभंग, संथ, घोळवून घोळवून. जन्मभर त्या तालावर झांज वाजवलेली. पाय आपसूक आखडते झाले. अजितराव पुढे निघून गेले. मोदकही पुढे गेला. "अण्णांनी घात केला," वसंतराव मनात म्हणाले, पण अभंग चालू असताना पळत सुटायची त्यांची छाती होईना.

भायखळ्याला दुसरा अभंग होता, जरासा उठलेला. लालबागला गौळण लागली तेव्हा घामाने भिजलेल्या वसंतरावांच्या लक्षात आलं, की आपण अजून चालू आहोत! एवढ्या अंतरावर तर ते एरवी कुठल्या तरी ओट्यावर पाणी मागत बसलेले असत. गुडघाही गप्प होता. दादरला वळसा घालून ते परत फिरले आणि हिंदमाता ओलांडली, तोच परळच्या नाक्यावरून गजर कानावर आला.

काय सांगावं! गावाहून आलेला पखवाजवाला हात दुखेस्तोवर बडवत होता, आणि कर्ण्यावरून तो आवाज पार लालबागपर्यंत जात होता. वसंतरावांच्या अंगात वारं भरलं. ते दम लागलेल्या कॉलेजकुमारांना मागे टाकत निघाले. मोदक फुटपाथवर बसून लिंबू-पाणी पीत होता, त्यालाही त्यांनी मागे टाकलं. आणि पुढे दिसले अजितराव. ओठ घट्ट मिटलेले, कान लाल, नजर समोर. वसंतराव बरोबरीला आले आणि त्यांनी सवयीने खाली पाहिलं. झांजवाल्याचा डोळा तो! अजितरावांचा उजवा पाय दर आवर्तनाला नेमका समेवर पडत होता.

"अजितराव!" वसंतराव ओरडले. "समेवर आहात!"

"कसली सम? माझा श्वास आहे तो!" अजितराव खेकसले, आणि त्यांचा पाय पुन्हा समेवर पडला.

गजर चढला तसे दोघेही चढले. खांद्याला खांदा लावून दोघे लालबागेत शिरले. समोर रेषा दिसायला लागली, कमान दिसायला लागली. रेषेपलीकडे स्टुलावर अण्णा बसले होते. वसंतरावांनी शेवटचा जोर लावला. दोन पावलं पुढे, चार पावलं पुढे. भजन राहिलं! संतूर गेलं उडत!

आणि परळचा गजर थांबला. वसंतराव पुढे गेले, आपलं काम झालं, असं त्या मंडळींना वाटलं असणार. एक गोष्ट मात्र वसंतराव पार विसरले होते. गजर थांबला की भैरवी लागते, मध्ये खंड पडू द्यायचा नसतो. कोण कुठवर पोचलंय याच्याशी अण्णांना काय कर्तव्य? परळचा गजर थांबल्याचं त्यांनी कान देऊन ऐकलं, डोळे मिटले आणि भैरवी सुरू केली.

सगळं लालबाग उभं राहिलं. फुलवालीने गजऱ्याची दोरी दातात धरून हात जोडले. वडे तळणाऱ्याने झारा खाली ठेवला. पाण्याची बाटली पुढे करून उभ्या असलेल्या कार्यकर्तीने ती बाटली काखेत मारली आणि हात जोडले. आणि वसंतराव, रेषेच्या अलीकडे, हात लांब केला तर बोटं लागतील इतक्या जवळ, जागच्या जागी थांबले.

'धाव, गाढवा,' ते स्वतःला म्हणत होते, 'अण्णांच्या भजनासाठीच तर आलायस ना?' पण समोर अण्णा गात होते. वरचा सूर लावताना गळा चिरला, अण्णांनी तो तसाच पुन्हा लावला आणि या वेळी तो लागला. त्या सुराला ओलांडून जायचं आणि मग त्याच सुरासाठी लग्नात जागा मागायची? वसंतरावांना ते जमेना. त्यांनी हात जोडले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हरलो तर हरलो, अण्णांना काय ते मी सांगेन, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि अजितरावांच्या पावलांचा आवाज पुढे जायची वाट बघत राहिले.

आवाज पुढे गेला नाही. वसंतरावांनी एक डोळा उघडला. अजितराव त्यांच्या शेजारीच उभे होते, एक पाय पुढे, एक मागे, आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"तुम्ही का थांबलात?" वसंतरावांनी कुजबुजत विचारलं.

"तुम्ही का थांबलात?"

"भैरवी आहे."

अजितरावांनी पुढचा पाय उचलून बघितला. तो पुन्हा तिथेच आला. "गजर थांबला आणि... उचलतच नाही हो पाय," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. आजूबाजूला सगळ्यांनी जोडलेत म्हणून त्यांनीही हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणाला काही सांगायचं नव्हतं.

अण्णांची भैरवी आटोपशीर कधीच नसते. मोदक आला आणि रेषा ओलांडून गेला. कॉलेजकुमार गेले. मग मागून ओळखीचा आवाज आला. "मी तिला तोंडावर म्हटलं, अगं, कोळंबीच्या कालवणात बटाटा कोण घालतं?" ललिताबाई आणि अनुजाबाई झपाझप चालत आल्या, हात जोडून उभ्या असलेल्या दोन घामाघूम म्हाताऱ्यांना त्यांनी वळसा घातला आणि बोलता बोलता रेषेपलीकडे गेल्या. तिथे कुणीतरी गळ्यात पदक घातलं, तेव्हा कुठे ललिताबाईंनी मागे वळून पाहिलं.

जयघोष झाला. फुलवालीने दातातली दोरी सोडली. वडे पुन्हा तेलात पडले. दोघे व्याही एकमेकांकडे बघत, एकाच वेळी, अगदी चालत चालत रेषेपलीकडे आले.

"मी आधी पोचले," ललिताबाई म्हणाल्या. "जो आधी पोचेल त्याचं ऐकायचं होतं ना? मग ऐका."

"थांब जरा," अजितराव म्हणाले. ते सरळ अण्णांच्या स्टुलापाशी गेले. घसा खाकरून झाला, घाम पुसून झाला. "बुवा, मी शंतनुचा बाप. आमच्या मुलांच्या लग्नात... म्हणजे तुम्हाला त्रास होणार नसेल तर... तुम्ही गाल का?"

"मी हेच सांगणार होते," ललिताबाई अनुजाबाईंना म्हणाल्या, "पण मला कुणी विचारेल तर शपथ."

अण्णांनी अजितरावांकडे बघितलं, वसंतरावांकडे बघितलं, दोघांच्या धुळीने भरलेल्या बुटांकडे बघितलं. त्यांना काही उमजेना.

"ता तर बारशाकच ठरलेला हा," अण्णा म्हणाले. "मगे तुमी दोघे धावलास कित्या?"